मत मिळालं, पण यादीत नाव कुणाचं?

प्रश्न (सांगली): घटनेने 1950 साली स्त्रियांना मताधिकार दिला, असं शाळेत शिकलो. मग 1921 च्या स्त्री-मतदारांचा उल्लेख कसा येतो?

उत्तर: दोन्ही खरं आहे. सरसकट सगळ्या प्रौढ स्त्रियांना मत दिलं ते घटनेच्या कलम 326 ने (तेव्हा वयाची अट 21 होती). त्याआधी तीस-बत्तीस वर्षं खटपट चालली होती. डिसेंबर 1917 मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं. 1918 च्या मुंबईतल्या खास अधिवेशनात काँग्रेसने पाठिंब्याचा ठराव केला. तरीही मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या सरकारी साउथबरो समितीने नकारच दिला. मग 1919 मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन लंडनला गेल्या आणि त्यांनी संसदेच्या संयुक्त समितीपुढे साक्ष दिली. (मिठन पुढे बॅरिस्टर होऊन मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या.) ब्रिटिश संसदेने नाही म्हटलं नाही, हो तर मुळीच नाही, निर्णय प्रांतांच्या गळ्यात टाकला. मद्रास आणि मुंबई या दोन्ही प्रांतांनी 1921 मध्येच स्त्रियांवरची मतदानाची बंदी उठवली. बंगालला 1925 उजाडलं.

पण मत होतं ते मालमत्तेच्या, साऱ्याच्या किंवा कराच्या अटीवर. एकत्र कुटुंबात सातबारा पुरुषांच्या नावावर, त्यामुळे दार उघडूनही आत जाणाऱ्या बायका शंभरात एकसुद्धा नव्हत्या. शिवाय मत देता येई, निवडणूक लढवता येत नसे. ती बंदी 1926 मध्ये सैल झाली.

प्रश्न (नागपूर): पणजीने 1937 साली मत दिलं, असं घरात सांगतात. ती शिकलेली नव्हती, जमीनही तिच्या नावावर नव्हती. हे शक्य आहे का?

उत्तर: अगदी शक्य आहे. 1935 च्या भारत सरकार कायद्याने स्त्रियांसाठी वेगळ्या वाटा काढल्या. नवऱ्याकडे ठरावीक मालमत्ता असेल तर त्याच्या बायकोला मत. साक्षर असेल तर साक्षरतेवर मत. सैनिकाच्या निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवेला किंवा आईलाही मत. नवऱ्याच्या पात्रतेवर यादीत आलेली बाई विधवा झाली तर नाव राहायचं, पुनर्विवाह केला तर जायचं! घरात कुणी फौजेत होतं का, तेही विचारून पाहा.

घोडं अडायचं ते अर्जापाशी. पुष्कळ प्रांतांत बायकोच्या किंवा साक्षरतेच्या नात्याने नाव हवं असेल तर स्वतः अर्ज करावा लागे. अर्ज नाही, तर नाव नाही. 1937 मध्ये देशभर सुमारे 60 लाख स्त्रिया मतदार होत्या, पुरुष 2 कोटी 90 लाखांच्या आसपास. 1927 मध्ये पुण्यात पहिलं अधिवेशन भरवणाऱ्या अखिल भारतीय महिला परिषदेला ही 'नवऱ्यामुळे मत' पद्धत पसंत नव्हती. तिची मागणी सरसकट प्रौढ मताधिकाराची होती. आमच्या मते परिषदेचंच बरोबर होतं.

प्रश्न (ठाणे): पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लाखो बायकांची नावं खोडली, हे खरं का?

उत्तर: खरं आहे, आणि आकडा मोठा आहे: सुमारे 8 कोटी स्त्रियांपैकी जवळजवळ 28 लाख. यादी करणारे घरोघर जात. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश या भागांत परक्या माणसाला बाईचं नाव सांगायचं नाही, असा रिवाज होता. मग यादीत नोंद व्हायची 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई'. (आपल्याकडे संकोच नवऱ्याचं नाव घेण्याचा, म्हणून तर उखाणे.) मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचा आग्रह होता की नाव हा ओळखीचा भाग आहे, नावाशिवाय नोंद चालणार नाही. नाहीतर मतदान केंद्रावर आलेली बाई तीच, हे कशावरून ठरवायचं? बिहारला नावं मिळवायला एक महिना वाढवून दिला, त्याचा उपयोगही झाला. उरलेल्या नोंदी मात्र काटल्या गेल्या. कठोर निर्णय होता, पण सवलत दिली असती तर पुढच्या यादीतही 'अमक्याची बायको'च राहिली असती.

प्रश्न (पुणे): युरोपात हे सगळं आपल्या आधीच झालं होतं ना?

उत्तर: सगळीकडे नाही. ब्रिटनने 1918 मध्ये मत दिलं ते तिशीपुढच्या, मालमत्तेची अट पुरवणाऱ्या बायकांना. पुरुषांच्या बरोबरीने मिळालं 1928 मध्ये. फ्रान्समध्ये 1944. स्वित्झर्लंडच्या बायकांना देशपातळीवर मत मिळालं 1971 मध्ये, तोवर आपल्याकडच्या बायका चार लोकसभा निवडून मोकळ्या झाल्या होत्या.