तुमचे प्रश्न, सिस्टरांची उत्तरं : या वर्षी उपवास घडला नाही

प्रश्न : सिस्टर, मी वसईजवळच्या गावात राहते, वय ५४. लग्न होऊन आल्यापासून प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) आमच्या चुलीवर कधी मासळी-मटण चढलं नाही. मी रात्री नुसती पेज घ्यायची, पहाटेच्या मिस्साला जायची, शुक्रवारची क्रूसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना) चुकवायची नाही. गेल्या वर्षी सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं, स्वभाव फार चिडका झाला. त्यांचं सगळं अंथरुणातच करावं लागतं. त्यात मला मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी उपवासाला साफ मनाई केली. यंदा प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, चर्चलाही जाता आलं नाही. रात्री जपमाळ हातात घेते, तिच्या पाच भागांतल्या दुसऱ्या रहस्यापर्यंत डोळा लागतो. मनात काहीच हलत नाही, सगळं कोरडं. शेजारच्या बाई म्हणतात, देव परीक्षा घेतोय, तुमच्याकडून काहीतरी राहिलं असणार. खरंच माझं काही राहिलं का?

उत्तर : ताई, शेजारणीच्या बोलण्यापासून सुरुवात करते, कारण ते तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेलं दिसतं. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांधाकडे बघून हेच विचारतात : पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि याच्या आईबापाचंही नाही. सासूबाईंच्या मेंदूचा रक्तपुरवठा बिघडला, त्याचा हिशेब तुमच्या पेजेशी लावू नका, कोणाला लावू देऊ नका.

उपवासाचं तर अगदी सरळ आहे. कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे, उपवास बंधनकारक असतो तो राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. आजाऱ्याला त्यातूनही सूट आहे. चाळीस दिवसांची पेज ही तुम्ही प्रेमानं वाढवलेली गोष्ट होती. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असताना उपाशी राहून साखर उतरली आणि तुम्हीच मोरीत पडलात, तर त्या माउलीला कुशीवर कोण वळवणार? डॉक्टरांचं ऐकणं हीच यंदाची आज्ञाधारकता समजा. पुढे येशूसंघ स्थापणारे संत इग्नेशियस १५२२ साली स्पेनमधल्या मानरेसात असताना आठवडाभर अन्नाला शिवले नव्हते. कुमसार (पापांची कबुली) ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी ‘आता खा’ म्हणताच त्यांनी उपवास सोडला. पुढे आपल्या संघातल्या तरुणांना शरीर मोडेल असं प्रायश्चित्त करू नका, असं ते वारंवार बजावत.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. मी नर्सिंग केलेली बाई आहे, माझी बरीच वर्षं वॉर्डात गेली. पक्षाघाताच्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाडावर लाल चट्टा उठतो आणि तिथंच जखम होते. घास निकामी बाजूच्या गालात साठून राहतो, तो बोटाला फडकं गुंडाळून काढावा लागतो. तेवढ्यात रुग्ण बोट चावतो, शिवी देतो. हे सगळं तुम्ही रोज करता आणि पत्रात त्याला एक ओळ दिलीत : ‘सगळं अंथरुणातच करावं लागतं.’ पेजेला मात्र तुम्ही त्याग म्हणता.

पेज तुम्ही निवडली होती, ताई. कधी घ्यायची, किती घ्यायची, कधी सोडायची, सगळं तुमच्या हातात होतं. तेही चांगलंच होतं, मी त्याला कमी लेखत नाही. मनाला ‘नाही’ म्हणायची सवय त्यातूनच लागते. पण आता रात्री दोन वाजता सासूबाई हाक मारतात तेव्हा तुमच्या निवडीला जागाच उरत नाही. उठावंच लागतं. इतक्या वर्षांचा तो सराव ज्याच्यासाठी होता, ते आता तुमच्या दारात येऊन उभं आहे.

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेझा कार्मेल मठात नवशिक्या होत्या तेव्हाची गोष्ट त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. सेंट पियर नावाच्या एका वृद्ध, संधिवाताने अडलेल्या सिस्टरला रोज संध्याकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना प्रार्थनेतून उठवून जेवणघरात न्यायचं काम त्यांनी मागून घेतलं. वेळ झाली की म्हातारी हातातलं वाळूचं घड्याळ हलवायची. मग तिचा कमरपट्टा मागून धरून हळूहळू चालायचं. जरा पाय अडखळला की, ‘तू फार घाई करतेस.’ सावकाश गेलं की, ‘तुझा हात कुठाय? मला सोडलंस, मी पडणार.’ शेवटी, ‘तू या कामाला फारच लहान आहेस.’ बसवल्यावर बाह्या सारख्या करून दिल्या की काम संपायचं. पण तेरेझांच्या लक्षात आलं की तिला पाव कापता येत नाही. तेव्हापासून त्या पाव कापून, हसून मगच निघायच्या. हे कोणी सांगितलेलं नव्हतं. म्हातारीचं मन जिंकलं गेलं ते त्या पावानं आणि हसण्यानं.

याच तेरेझांनी एकदा खिळ्यांचा लहानसा क्रूस अंगावर घालून पाहिला होता. त्यानं त्या आजारी पडल्या आणि असली प्रायश्चित्तं आपल्यासाठी नाहीत, हे त्यांनी ओळखलं. १८९७ साली चोविसाव्या वर्षी त्या क्षयानं गेल्या. शेवटचं दीड वर्ष तर स्वर्ग आहे की नाही, असा अंधार त्यांच्या मनात होता. प्रार्थनेत त्यांनाही झोप लागायची. आईबापाला मूल झोपलेलं असतानाही तेवढंच आवडतं, असं त्या म्हणत. तेव्हा दुसऱ्या रहस्याला डोळा लागला तर लागू द्या.

कोरडेपणाबद्दल इग्नेशियसांचा एक नियम मी कायम सांगते : मन सुकलेलं असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. म्हणून जपमाळ पूर्ण होत नाही म्हणून ठेवून देऊ नका. एकच रहस्य म्हणा, सासूबाईंच्या उशाशी बसून, मोठ्यानं. जपमाळेतली ‘नमो मरिये’ ही प्रार्थना पुष्कळदा बोलणं गेलेल्यांनाही म्हणता येतं. पाठ झालेले शब्द मेंदूत वेगळ्या वाटेनं टिकून राहतात, हे मी वॉर्डात पाहिलं आहे. आणि त्यांची चिडचिड हाही झटक्याचाच भाग असू शकतो, ती तुमच्यावरच्या रागातून येते असं धरून चालू नका.

एक गोष्ट मात्र जरा कडकपणे सांगते. तुमच्या पत्रात यजमानांचा उल्लेखच नाही. त्या त्यांच्या आई आहेत. चादर बदलायला, कूस वळवायला त्यांनी शिकलं पाहिजे. नणंदा असतील तर त्यांच्याही पाळ्या लावा. येशूचा क्रूस वाहायला सिमोन कुरेनेकराचे खांदे लागले आणि येशूने ते नाकारले नाहीत. अटकेआधी गेथशेमानी बागेत त्याने ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ असंही म्हटलं. मदत मागितल्यानं त्याग बाटत नाही. एकटीनं सोसण्याचा हट्ट मात्र पुष्कळ घरांत सुनांवर लादला जातो आणि वर त्याला क्रूस म्हटलं जातं. ते मला मान्य नाही.

आणखी एक. तुमच्या फादरांना निरोप पाठवा, ते सासूबाईंना घरी कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) आणून देतील, आजाऱ्यांचा अभ्यंगविधीही (तेल लावून करायची प्रार्थना) करतील. तुम्हीही तिथंच घ्या. कम्युनियनआधी तासभर काही खायचं नाही, हा नियम आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागू नाही. ख्रिस्तसभेनं कायदा लिहिताना तुमच्यासारख्यांची आठवण ठेवली आहे. साखर सांभाळा, वेळेवर जेवा.

प्रश्न : माझ्या सतरा वर्षांच्या मुलानं प्रायश्चित्तकाळात मोबाइलवरचे गेम सोडलेत. रविवारी सूट असते का? शिवाय तो घरात सगळ्यांवर खेकसतो. (पुणे)

उत्तर : राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार पुनरुत्थानाचे म्हणून वगळले की चाळीस उरतात. रविवारी त्यानं खेळलं तर काही बिघडत नाही, नाही खेळलं तरी चालेल. ते त्याचं त्याला ठरवू द्या. खेकसण्याबद्दल त्याला यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचायला द्या. उपवासाच्या दिवशी भांडणाऱ्यांना देव तिथं चांगलं सुनावतो. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात उपवासासोबत दान आणि प्रार्थनाही आहे, म्हणजे गेमचे रिकामे झालेले तास कोणाला द्यायचे, हेही त्यानं ठरवायला हवं. घरात आजोबा असतील तर त्यांच्यासोबत अर्धा तास फिरून यावं. त्याच्या त्यागाची बातमी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. आणि जेवायला बसताना तुमचाही फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.