लिव्हरचा कॅन्सर आणि काकांचा काढा

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे, दारूचा थेंबही कधी घेतला नाही पण शुगर जुनी आहे. आधी फॅटी लिव्हर, मग सिरॉसिस, आता लिव्हरमध्ये कॅन्सरच्या गाठी निघाल्या. ऑपरेशन होणार नाही म्हणाले, अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब सांगितलंय, कुठलेतरी रिसेप्टर मोकळे करतात म्हणे. आधी एंडोस्कोपी करा म्हणतात, ती कशाला? आणि काका रोज गुळवेलीचा काढा आणतात, इम्युनिटी वाढेल म्हणून. देऊ का?
— एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : पहिले काढा बंद करा. काकांचं मन राखा, पण बंद करा, गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आपल्याकडच्याच डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत आणि बाबांकडे आता गमवायला फार लिव्हर उरलेलं नाही.

इम्युनिटी कमी पडली म्हणून हे झालं असं नाहीये हो. आतड्यातलं रक्त सरळ लिव्हरमध्ये येतं, त्यात जंतूंच्या कवचाचे तुकडे असतात, ते ओळखायला लिव्हरच्या कुप्फर पेशींवर, म्हणजे तिथल्या पहारेकरी पेशींवर, टीएलआर-४ नावाचा रिसेप्टर (खूण ओळखणारा अँटेना) असतो. सिरॉसिसमध्ये आतडं गळकं होतं, तुकडे जास्त येतात, हा रिसेप्टर दिवसरात्र बोंबलत राहतो, सूज राहते आणि शेजारच्या स्टेलेट पेशी कोलॅजन, म्हणजे व्रणातले चिवट धागे, टाकत सुटतात, लिव्हर अजून कडक. म्हणजे इथे तर इम्युनिटी जास्तच झाली ना!

दुसरीकडे गाठ मारायला आलेल्या टी पेशी. गल्लीत एखाद्या गाडीचा अलार्म रोज रात्री वाजला तर चौथ्या दिवशी कोणी खिडकीसुद्धा उघडत नाही, तसंच यांचं होतं. सतत चिथावणी मिळाली की त्यांच्या अंगावर पीडी-१ हा रिसेप्टर वाढतो, गाठीकडचं पीडी-एल१ नावाचं प्रथिन त्याला येऊन चिकटतं आणि टी पेशी गप्प. पीडी-१ जपानच्या होंजोंच्या लॅबमध्ये १९९२ साली सापडला, त्यांना २०१८ चं नोबेल मिळालं. अ‍ॅटेझोलिझुमॅब त्या पीडी-एल१ ला झाकतं. इम्युनिटी वाढवत नाही, पेशींना गप्प बसवणारा हात बाजूला करतं, बस.

बेव्हासिझुमॅब गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही, पण त्याने रक्तस्राव होऊ शकतो आणि सिरॉसिसमध्ये अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असतात, त्या फुटल्या तर जिवावर बेततं. एंडोस्कोपी त्यासाठीच, टाळू नका.

आशा किती ठेवायची? मोठ्या ट्रायलमध्ये या जोडीवर मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट याहून जास्त जगले) १९.२ महिने होतं, सोराफेनिब या जुन्या औषधावर १३.४. पण त्यात लिव्हर बऱ्यापैकी काम करणारेच पेशंट घेतले होते, तेव्हा बाबांचा चाइल्ड-प्यू स्कोअर (लिव्हर किती काम करतंय त्याचं माप) किती ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मोकळ्या झालेल्या टी पेशी कधी आतड्यावर, थायरॉइडवर, खुद्द लिव्हरवरही उलटतात, म्हणून जुलाब लागले तर घरी गोळ्या देत बसू नका, लगेच फोन करा.

आणि काकांना काही आणायचंच असेल तर रात्री झोपायच्या आधी बाबांसाठी दूध-पनीर आणू दे. सिरॉसिसमध्ये रात्रभर उपाशी राहिलं की स्नायू झडतात. सराफ्यातून तळलेले गराडू मात्र नको.