प्रोटीन हातात घे, लायपोसोम मागून येईल

प्रश्न : मी लातूरला बीएस्सी बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजातल्या एका व्याख्यानात फ्यूजन प्रोटीन (दोन प्रथिनं जोडून केलेलं एक प्रथिन) लावलेल्या लायपोसोममधून, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म बुडबुड्यातून, कर्करोगाचं औषध नेमकं गाठीपर्यंत नेण्याच्या संशोधनाबद्दल ऐकलं. तेव्हापासून हेच करायचं डोक्यात आहे. मामा म्हणतात, औषधाचं काम आहे तर एम.फार्म. कर. बाबांना वाटतं की हे सगळं प्रयोगशाळेपुरतं असतं, त्यापेक्षा बीएड करून नोकरी धरावी. मी काय करू?

उत्तर : एम.फार्म.चा विषय आधी संपवते, म्हणजे पुढचं बोलता येईल. त्या प्रवेशासाठी बी.फार्म. लागतं, बीएस्सी चालत नाही. म्हणजे मामांचं ऐकायचं तर सीईटीपासून पुन्हा सुरुवात आणि आणखी चार वर्षं. तुझ्या विषयासाठी त्याची गरज नाही, कारण तुला जे आवडलंय त्याचा निम्मा भाग बायोटेक्नॉलॉजीचाच आहे, आणि अवघड भागही तोच आहे.

बाबांच्या शंकेला मात्र नीट उत्तर द्यायला हवं. लायपोसोम आता प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध भरलेल्या लायपोसोमला अमेरिकेत 1995 मध्येच मान्यता मिळाली. लायपोसोममुळे त्या औषधाचा हृदयावर होणारा दुष्परिणाम कमी होतो. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी लायपोसोममधल्या अँफोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधावर काम केलं आणि 1993 मध्ये त्याचं पेटंट झालं. साधं अँफोटेरिसिन मूत्रपिंडाला फार जाचतं, लायपोसोममधलं बरंच कमी. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत याच इंजेक्शनसाठी महाराष्ट्रभर नातेवाईक दुकानं पालथी घालत होते. बाबांना ते दिवस नक्की आठवत असतील. त्यांना सांग, ते इंजेक्शन म्हणजेच माझा विषय.

आता तुझ्या व्याख्यानातली गोष्ट. लायपोसोम म्हणजे चरबीच्या रेणूंचा, साधारण 100 नॅनोमीटरचा बुडबुडा. त्याला कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवायचं तर पृष्ठभागावर अँटिबॉडी लावावी लागते. जुन्या पद्धतीत अँटिबॉडी रासायनिक अभिक्रियेने चिकटवतात. ती कुठल्या बाजूने चिकटेल यावर ताबा नसतो, पेशी ओळखणारं टोकच दाबलं गेलं की ती लावून उपयोग नाही. फ्यूजन प्रोटीनमध्ये एकाच जनुकात दोन कामं शिवलेली असतात. एका टोकाला पेशी ओळखणारा अँटिबॉडीचा छोटा तुकडा, दुसऱ्या टोकाला लायपोसोमला धरणारी पट्टी. दिशा आधीच ठरलेली. ही पट्टी काय असावी यावरच किती लोकांची उमेदीची वर्षं गेली आहेत! हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या सहा मण्यांची शेपटी निकेल असलेल्या लिपिडला छान धरते, पण रक्तातली प्रथिनं ती सोडवू लागतात. म्हणून कुणी शेवटी सिस्टिन या अमिनो आम्लाचा एकच मणी ठेवतं, कुणी स्पायटॅग-स्पायकॅचर ही एकमेकांना धरणाऱ्या प्रथिन-तुकड्यांची जोडी वापरतं, जी एकदा जुळली की पक्का सहसंयुज बंध तयार होतो. लायपोसोमवर दिलेल्या पीईजी या पॉलिमरच्या आवरणाला एका हाताने आणि कर्करोगाच्या पेशीला दुसऱ्या हाताने धरणारी प्रथिनंही केली गेली आहेत. ऑस्ट्रेलियात मुलांच्या ल्युकेमियासाठी (रक्ताच्या कर्करोगासाठी) उंदरांवर असे प्रयोग झाले आहेत.

व्याख्यानात कदाचित सांगितलं नसेल ते मी सांगते. एचईआर-2 हे काही कर्करोगी पेशींवर जास्त असणारं प्रथिन ओळखणारे अँटिबॉडीचे तुकडे लावलेला डॉक्सोरुबिसिनचा लायपोसोम स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील चाचणीपर्यंत पोहोचला होता. 2016 मध्ये ती चाचणी थांबवावी लागली, कारण तुलनेत दिलेल्या उपचारापेक्षा फायदा होण्याची चिन्हं दिसेनात. त्याआधी प्राण्यांवरच्या प्रयोगांत एक महत्त्वाची गोष्ट दिसली होती. अशी अँटिबॉडी लावल्याने गाठीत जाणाऱ्या लायपोसोमची संख्या वाढत नव्हती. गाठीपर्यंत ते रक्तवाहिन्यांच्या फटींतूनच जात होते. फरक पडत होता तो तिथे पोहोचल्यावर, पेशीच्या आत शिरण्यात. 'औषध थेट गाठीवर' हे वाक्य म्हणूनच मला खटकतं. हे वाचून तुझा उत्साह मावळला तर दुसरा विषय निवड, त्यात काही कमीपणा नाही. पण 'मग शिरकाव आणखी वाढवायचा कसा?' असा प्रश्न मनात आला असेल, तर तू या कामासाठी योग्य आहेस.

माझा सल्ला असा की लायपोसोममागे आत्ता धावू नकोस, प्रोटीन शिक. जनुक क्लोन करणं, ई. कोलाय या जिवाणूमध्ये प्रोटीन बनवणं, ते शुद्ध करणं, ते नीट घडी पडलेलं आहे का हे तपासणं. लायपोसोम बनवायला एखादा हुशार विद्यार्थी काही महिन्यांत शिकतो. चांगलं प्रोटीन हातातून निघायला वर्षं लागतात. आणि लायपोसोमचं नाही जमलं तरी या हातावर नोकरी मिळते. एटॅनरसेप्ट हे संधिवाताचं औषध फ्यूजन प्रोटीनच आहे आणि लुपिनसारखी आपल्याकडची कंपनी त्याचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधाशी मिळतीजुळती आवृत्ती, बनवते. पुणे, हैदराबाद, बंगळूर, अहमदाबाद या पट्ट्यात शुद्धीकरण आणि गुणवत्ता तपासणीची माणसं लागतात. एमएस्सीनंतर दोन-तीन वर्षं असं काम करून मग पीएचडीला जाणं मला सरळ पीएचडीपेक्षा जास्त पटतं, विशेषतः घरात पैशाची ओढ असेल तर. पुढे नेट किंवा बीईटी या परीक्षांमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. हा आकडा बाबांना दाखव.

एमएस्सीसाठी गॅट-बी आणि जॅम, या दोन्ही प्रवेश परीक्षा दे. आयआयटी मुंबईची एमएस्सी बायोटेक्नॉलॉजी जॅममधून मिळते. जॅमचे अर्ज परीक्षेच्या बरेच महिने आधी निघतात, ते चुकवू नकोस. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपलाही अर्ज कर, त्यात एखाद्या संशोधकाच्या प्रयोगशाळेत दोन महिने काढता येतात.

आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट वाया घालवू नकोस. वनस्पतींच्या अर्कांची जिवाणूरोधक चाचणी हजारो मुलं करतात. तू सरांना विचारून हिस्टिडिनची शेपटी असलेलं जीएफपी हे प्रोटीन बनव, निकेल भरलेल्या नळीतून (कॉलममधून) शुद्ध कर आणि प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर तपास. हे प्रोटीन हिरवं चमकतं, त्यामुळे चुकलं कुठे ते डोळ्यांना दिसतं. निकेलचं लिपिड महाग असतं, ते कॉलेजला परवडणार नाही. त्यासाठी तुझ्या व्याख्यात्यांनाच ईमेल लिही : माझ्याकडे शुद्ध प्रोटीन आहे, तुमच्या लायपोसोमवर ते बसतं का पाहू द्याल का? जेलचा फोटो सोबत जोड.