आवाज बदलला म्हणजे नेमकं काय बदललं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळची पाचही पत्रं हेवी मेटलवरची आहेत.

प्रश्न : मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचे अल्बम ओळीनं ऐकले. माणसं जवळपास तीच, पण १९८८ चा अल्बम कोरडा, १९९१ चा भरदार, २००३ चा तर तेलाचा पिपा बडवल्यासारखा. नवा अल्बम आला की सगळे म्हणतात, बँडनं वळण घेतलं. हे वळण कानानं ओळखायचं कसं? (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : वळण हा ढोबळ शब्द झाला. बँडचा आवाज बदलतो तेव्हा स्टुडिओत बोट ठेवून दाखवता येईल असं काहीतरी बदललेलं असतं : तारेचा ताण, ड्रमचं कातडं, माइकची जागा, मिक्सरची एखादी पट्टी. तुमची तिन्ही उदाहरणं त्यासाठी अगदी नेमकी आहेत.

१९८८ च्या '...अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये बेस गिटार वाजलेली आहे. मिक्स करताना, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवताना, मात्र ती इतकी खाली ओढली की शोधावी लागते. बँडचा बेसवादक क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात गेला आणि त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. त्याचा बँडबरोबरचा हा पहिला पूर्ण अल्बम. बेस नाहीसा झाला की गिटारची करकर आणि किक ड्रमची (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमची) टकटक तेवढी उरते. तुम्हाला जाणवलेला कोरडेपणा हाच.

१९९१ ला बॉब रॉक हा नवा निर्माता आला. चाल मंदावली, गाण्यांची रचना आखूड झाली, बेसला स्वतःची जागा मिळाली. दोन ठोक्यांत अंतर वाढलं की प्रत्येक ठोक्याचा घुमारा विरेपर्यंत ऐकू येतो. भरदारपणाचा मोठा वाटा या मोकळ्या जागेचा आहे, नुसत्या मोठ्या आवाजाचा नाही. त्यातल्या 'सॅड बट ट्रू'साठी गिटारही एक अख्खा स्वर खाली, डी मध्ये उतरवलेली आहे.

आता पिपा. स्नेअर ड्रमच्या खालच्या कातड्याला बारीक स्प्रिंगांची एक पट्टी टेकलेली असते. वर काठी पडली की ती थरथरते आणि 'छर्र' असा भरीव फटका येतो. ड्रमच्या बाजूला एक खटका असतो. तो पाडला की पट्टी कातड्यापासून सुटते आणि नुसतं भांडं वाजावं तसा टणत्कार उरतो. २००३ च्या 'सेंट अँगर'मध्ये ड्रमर लार्स उलरिकनं पट्टी सुटलेलाच स्नेअर वाजवला. त्यात गिटारचे सोलोही, म्हणजे एकट्या गिटारचे तुकडेही नाहीत, म्हणून कानाला त्या टणटणीतून सुटका मिळत नाही. सोलो नसणं आम्हाला खटकत नाही. सव्वा तास चालणारा तो स्नेअर खटकतो. पण निर्णय ठरवून घेतलेला होता, चूक नव्हती, हेही ध्यानात ठेवा.

चौथं उदाहरण आम्ही जोडतो. २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' ऐकताना कान लवकर थकतात, कारण मास्टर करताना, म्हणजे मिक्सवर शेवटचा हात फिरवताना, आवाज इतका वर नेला की ध्वनिलाटांचे शेंडे चपटे झाले. चपट्या शेंड्यातून फाटका, चरचरीत आवाज येतो. हीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये आली तेव्हा तिथे ती एवढी दाबलेली नव्हती. दोन्ही लागोपाठ ऐका, ड्रम कुठे श्वास घेतात ते लगेच कळतं.

ऐकायची रीत अशी. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. गिटारची सहावी मोकळी तार ८२ हर्ट्झवर वाजते, एवढ्या खालचा स्वर तो इवलासा स्पीकर देऊच शकत नाही. इअरफोन कानात घट्ट बसवा. सैल राहिला की बेस पळतो. बेस बूस्ट, इक्वलायझर सगळं बंद करा. जुन्या आणि नव्या अल्बममधला ३० सेकंदांचा एकेक तुकडा निवडा आणि दोन्हींचा आवाज कानाला सारखा करून घ्या. हे टाळलंत तर जो मोठा तोच चांगला वाटेल. मग तोच तुकडा चार वेळा ऐका : पहिल्यांदा फक्त किक, मग फक्त स्नेअर, मग गिटार डाव्या-उजव्या कानात कशी विभागली आहे ते, शेवटी बेस. चौथ्या खेपेला 'वळण' कुठे आहे ते तुम्हीच सांगाल.

प्रश्न : अल्बमसोबत वाजवायचं म्हणून गिटार ड्रॉप सी मध्ये (सहावी तार सी वर, बाकीच्या एक स्वर खाली) उतरवली. सहावी तार लोंबते, फ्रेटवर खडखडते, कॉर्ड बेसूर लागतात. गिटार खराब झाली काय? (हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : गिटार धडधाकट आहे, तारा बारीक आहेत. तुमच्या गिटारवर बहुधा १० ते ४६ चा सेट असेल, म्हणजे सहावी तार ०.०४६ इंच जाड. ती ई मधून सी मध्ये उतरवली की ८२.४ हर्ट्झवरून ६५.४ वर येते. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे जुन्या ताणाच्या फक्त ६३ टक्के ताण उरतो. खाटेची नवार सैल पडल्यावर जे होतं तेच तारेचं होतं.

पूर्वीएवढा ताण हवा असेल तर सहावी तार ०.०५६ ते ०.०५८ ची लागते. बाकीच्या पाच तारा एकच स्वर उतरतात, त्यांना दहा-बारा टक्के जास्त जाडी पुरते. म्हणून ११ ते ५६ चा सेट घ्या. तालुक्याच्या दुकानात तो मिळाला नाही तर ११ ते ५४ चालेल, सहावी जरा मऊ लागेल एवढंच. मेटलचे सूर खाली उतरण्याची सुरुवातही ताणातूनच झाली. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याची उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं टोकांवर टोपणं चढवली, तारा हलक्या केल्या, आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'मध्ये बरीच गाणी दीड स्वर खाली वाजवली.

तारा एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढू नका. जाड तार नटच्या (खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीच्या) जुन्या खाचेत अडकते. खुंटी पिळताना 'टिक' असा आवाज आला की समजा ती अडकून सुटते आहे आणि सूर टिकणार नाही. जुन्या तारेच्या तुकड्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून खाच फक्त रुंद करा. खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर कायमची खडखडेल आणि नट बदलावा लागेल. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.

मग नेकचा बाक बघा. सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालून साधं व्हिजिटिंग कार्ड सरकवा. कार्ड तारेला हलकं शिवून जायला हवं. फट अजिबात नसेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक ठरवणारी सळी) डावीकडे सैल करायचा, जास्त असेल तर उजवीकडे आवळायचा, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. जोर लागत असेल तर तिथेच थांबा.

कॉर्ड बेसूर लागण्याचं खरं मूळ इंटोनेशन, म्हणजे तार कुठल्याही फ्रेटवर सुरात लागणं. ट्यूनरवर मोकळी तार बरोबर लावा, मग बारावा फ्रेट दाबून वाजवा. स्वर चढा दाखवला तर त्या तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, नेकपासून दूर न्या. उतरता दाखवला तर पुढे आणा. प्रत्येक वेळी मोकळी तार पुन्हा लावूनच तपासा. आणि लावताना जेवढ्या जोरानं वाजवणार तेवढ्याच जोरानं छेडा, कारण सैल तार जोरात छेडली की पहिल्या क्षणी चढते.

एवढं झाल्यावर अॅम्पचा गेन (आवाज फाटका करणारी कळ) कमी करा. आठवर असेल तर पाचवर आणा. अल्बममधली जाड भिंत एका गिटारची नसते. तोच रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) दोनदा, कधी चारदा वेगवेगळा वाजवून डावीकडे-उजवीकडे ठेवलेला असतो. एकाच गिटारवर ती जाडी गेननं आणायला गेलात तर नुसता चिखल होतो. मे महिन्यात गिटार टिनाखालच्या खोलीत उभी करून ठेवू नका. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं हाताला बोचायला लागतात.

प्रश्न : मला ग्रोल, म्हणजे मेटलमधलं गुरगुरत्या आवाजातलं गाणं, शिकायचं आहे. घरचे म्हणतात, गळा बसेल. आणि ओपेथ या स्वीडिश बँडनं ग्रोल सोडलं होतं, ते गळ्यामुळेच का? (वणी, जि. यवतमाळ)

उत्तर : ओपेथचा बदल संगीतातला होता. २०११ च्या 'हेरिटेज'पासून त्यांनी साठ-सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉककडे मोर्चा वळवला आणि ग्रोल बाजूला ठेवलं. २०२४ च्या 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'मध्ये ते परत आलं, २००८ नंतर पहिल्यांदा.

घरच्यांची काळजी मात्र रास्त आहे. ग्रोल ओरडून काढायचं नसतं. स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात, त्या थरथरवून तो आवाज निघतो, आणि तो बोलण्यापेक्षा फार मोठा नसतो. मोठं करायचं काम माइकचं. उसासा टाकताना घशात हलकी घरघर आणा, तिथून सुरुवात करा. दिवसाला १५ मिनिटं पुरेत, आधी आणि मध्ये पाणी प्या. जळजळ झाली की त्या दिवसाचं बंद. बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं, घरगुती काढ्यावर थांबायचं नाही.

प्रश्न : आमच्याकडे दंडार हे लोकनाट्य होतं. त्यातली ढोलकी आणि टाळ मेटलमध्ये घेऊन तीन गाणी करायची आहेत. पहिला प्रयत्न केला तर ढोलकी ऐकूच येईना. (वडसा, जि. गडचिरोली)

उत्तर : असं काम झालेलं आहे आणि नीट झालेलं आहे. ब्राझीलच्या सेपल्टुरानं १९९६ च्या 'रूट्स'साठी मातो ग्रोसोमध्ये जाऊन शावांते आदिवासींबरोबर ध्वनिमुद्रण केलं. दिल्लीच्या ब्लडीवुडनं २०२२ च्या 'रक्षक'मध्ये ढोल आणि बासरी खाली उतरवलेल्या गिटारबरोबर बसवली. २०२५ च्या 'नू दिल्ली'त आठच गाणी आहेत आणि त्यातल्या 'बेखौफ'मध्ये जपानचा बेबीमेटल सोबत आहे.

तुमची ढोलकी दोन कारणांनी बुडते. पहिलं कारण वेग. मिनिटाला १८० च्या लयीत डबल किक (दोन पायांनी वाजवलेला किक ड्रम) एका मात्रेत चार ठोक्यांनी वाजली तर सेकंदाला १२ ठोके पडतात, दोन ठोक्यांत ८३ मिलिसेकंद. ढोलकीच्या घुमणाऱ्या बाजूची आस, म्हणजे ठोक्यानंतर रेंगाळणारा नाद, त्याहून कितीतरी लांब, त्यामुळे एक ठोका विरण्याआधी दुसरा अंगावर येतो. ढोलकीला अर्ध्या लयीत वाजवू द्या, आणि जिथे तिचा तुकडा महत्त्वाचा तिथे डबल किक थांबवा. वादकाला मेटलच्या मागे पळवू नका. रिफच त्याच्या ठेक्यावर बांधा. आमचं ठाम मत आहे की गाणं तिथेच बनतं किंवा बिघडतं.

दुसरं कारण जागेची भांडणं. किक ६० हर्ट्झच्या आसपास, बेस गिटारही तिथेच आणि ढोलकीचा घुमारा त्या दोघांच्या अंगावर. गिटारवर हाय-पास फिल्टर लावून १०० हर्ट्झच्या खालचं कापा, ती एकटी ऐकताना बारीक वाटेल, मिक्समध्ये नाही. बेस गिटार ढोलकीच्या घुमाऱ्यापाशी दोन-तीन डेसिबल कमी करा. टणक बाजूची थाप वरच्या पट्टीत, २ ते ५ हजार हर्ट्झमध्ये कळते, तिथे गिटारला थोडी मागे घ्या. टाळ झांजांच्या जागेत शिरतात; ड्रमरला त्या ओळींत क्रॅश (मोठी झांज) टाळायला सांगा.

ढोलकीला दोन माइक लावा, प्रत्येक बाजूला एक, कातड्यापासून वीतभर. मग मिक्समध्ये एका माइकची पोलॅरिटी (ध्वनिलाटेची वर-खाली दिशा) उलटी करून बघा आणि घुमारा ज्यात भरेल ते ठेवा. पावसाळ्यात कातडं ओलावून उतरतं, म्हणून प्रत्येक गाण्याआधी स्वर तपासा. आणि वादकाची बिदागी आधी ठरवा, त्याचं नाव गाण्याच्या माहितीत पहिल्या चार नावांत लिहा.

प्रश्न : घराला टिनं आहेत. लॅपटॉपवर गिटार रेकॉर्ड केली की मागे सारखी 'हूं' ऐकू येते. (अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर : टेक घेताना, म्हणजे वाजवणं रेकॉर्ड करताना, चार्जर काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. 'हूं' गेली तर दोष अर्थिंगचा. वायरमनकडून अर्थचा खड्डा तपासून घ्या. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थ कमजोर होतो, खड्ड्यात पाणी टाकत राहावं लागतं. 'हूं' तशीच राहिली तर खुर्चीतल्या खुर्चीत हळूहळू वळा. गिटारला सिंगल कॉइल पिकअप (तारांखालचं एकाच गुंडाळीचं चुंबकी यंत्र) असेल तर एका दिशेला ती सर्वांत कमी होते, तिथेच बसून वाजवा. ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद ठेवा.

टिनाखाली आवाज आपटून परत येतो. कापसाच्या जुन्या गाद्या भिंतीपासून वीतभर सोडून, अॅम्पच्या समोर आणि मागे उभ्या करा, कोपऱ्यांत कापसाच्या गाठोड्या रचा. पंखा बंद ठेवायचा असल्यानं मे महिन्यात पहाटे ५ ते ८ हीच वेळ. लाइन गेली तर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गिटारचा टेक घेऊ नका, त्याची करकर मागाहून निघत नाही. बॅटरीवर उरलेलं गाणं वाजवा, फाइल जतन करा, आणि लाइन आल्यावर पुढचं.