तेल कुठे भरलं, ते आधी विचार

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख परवा मिळाला. भारताच्या जहाजवाहतुकीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड, वर्षागणिक, एका निळ्या रेषेत. मेहनत दिसते. पण आकडा एवढा लहान म्हणजे आपली जहाजवाहतूक स्वच्छ, असं जे तू खाली लिहिलं आहेस, तिथे मी अडलो. मी ३१ वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. तो धूर माझ्या हातून गेलेला आहे, म्हणून त्याचा हिशेब नीट व्हावा असं मला मनापासून वाटतं.

माझ्या पडवीतून जयगडच्या खाडीचं तोंड दिसतं. आज सकाळी बाहेर एक कोळशाचं जहाज नांगरून होतं. समज, ते इंडोनेशियाहून आलं आणि वाटेत सिंगापूरला त्याने तेल भरलं. कोळसा आपला, तो जाळून होणारी वीज आपली. पण त्या सफरीचा धूर कुणाच्या खात्यात? आंतरराष्ट्रीय सफरीसाठी विकलेलं तेल ज्या देशात विकलं गेलं, तो देश ते वेगळ्या पानावर नोंदवतो आणि स्वतःच्या एकूण बेरजेत धरत नाही. १९९७ च्या क्योटो करारात हा प्रश्न आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे सोपवला गेला. म्हणजे सिंगापूरच्या बेरजेत तो धूर नाही आणि आपल्याही नाही. सिंगापूर हे जगातलं सगळ्यात मोठं बंकरिंगचं, म्हणजे जहाजात इंधन भरण्याचं बंदर आहे, आणि आपल्याकडे येणारी कितीतरी जहाजं तिथे नाहीतर अमिरातीतल्या फुजैराला टाक्या भरूनच येतात. तुझी रेषा ठेंगणी का, याचं मोठं उत्तर इथेच आहे.

आता तोच कोळसा जयगडला उतरला आणि बार्जमध्ये भरून धरमतर खाडीत गेला, तर ती देशांतर्गत फेरी झाली. तिचा धूर भारताच्या बेरजेत येतो, मग बार्जवर झेंडा कुठलाही असो. आणि रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा मासेमारी ट्रॉलर? त्याचं डिझेल जहाजवाहतुकीत धरतच नाहीत, ते शेती आणि मासेमारीच्या रकान्यात जातं. एकाच किनाऱ्यावरून दिसणाऱ्या तीन होड्या, तीन वेगळ्या वह्यांत. तुझ्या आलेखाखाली यातली कोणती वही उघडली होतीस, ते लिहिलेलं नाही. ते सगळ्यात आधी लिही.

हा फरक किरकोळ नाही. सागरी संघटनेच्या चौथ्या अभ्यासात २०१८ या एकाच वर्षासाठी आंतरराष्ट्रीय जहाजांचे दोन आकडे आहेत. जहाजाच्या प्रकारावरून ठरवलं तर ९१.९ कोटी टन, प्रत्येक सफर तपासून ठरवलं तर ७४ कोटी टन. जहाजं तीच, समुद्र तोच. फक्त देशांतर्गत काय नि आंतरराष्ट्रीय काय, याची व्याख्या बदलली.

आकडा मुळात कुठून येतो तेही सांगतो. २०१९ पासून ५,००० सकल टनेज (हे जहाजाच्या आकारमानाचं माप, वजनाचं नव्हे) आणि त्यावरच्या आंतरराष्ट्रीय जहाजांना वर्षभरात जाळलेलं तेल कळवावं लागतं. जड तेलाच्या एका टनामागे ३.११४ टन कार्बन डायऑक्साइड धरतात. एका टनातून तीन टन कसे, असं तू विचारलं होतंस. तेलात साधारण ८५ टक्के कार्बन असतो, आणि जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू घेतो. वजनाने १२ चे ४४ होतात. वाढलेलं वजन हवेतलं आहे. म्हणजे सगळा डोलारा तेलाच्या मापावर उभा आहे. मी ज्युनियर असताना एका बंदरात रात्री बंकर घेतला. बार्जवाल्याने दाखवलेलं माप मी घाईत मान्य केलं आणि पावतीवर सही केली. तेलात हवा फुंकून फेस आणलेला होता. सकाळी फेस बसला, पट्टी सोडून टाकीतल्या तेलाची खोली मोजली, म्हणजे पुन्हा साउंडिंग घेतलं, तर टाकीत तेल चांगलंच कमी. चीफ इंजिनियर ओरडले नाहीत. त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि सगळ्या टाक्या एकेक करून पुन्हा मोजायला लावल्या. पावतीवरचं तेल आणि जळलेलं तेल वेगळं असू शकतं हे मी तिथे शिकलो. तूही प्रत्येक आकड्याला विचार: हा विकलेल्या तेलाचा, की जळलेल्या?

रेषा खाली उतरली की लगेच कौतुक करू नकोस. २००८ च्या मंदीनंतर मालच नव्हता, तेल महाग होतं, तेव्हा कंपन्यांनी जहाजं हळू चालवली. वेग १० टक्के उतरवला की इंजिनावरचा भार २७ टक्क्यांच्या आसपास घटतो. सफर लांबते, तरी तेल १९ टक्के वाचतं. माल वाढला, भाडं वाढलं की वेगही परत वाढू शकतो. दर टन मालामागचा धूर कमी झाला, हे खरंच. तरी जगातल्या सगळ्या जहाजांचा मिळून धूर २०१२ ला ९६.२ कोटी टन होता, तो २०१८ ला १०५.६ कोटी टन झाला. हे दोन्ही आलेख शेजारी शेजारी काढ, एकात मिसळू नकोस.

आणखी एक. भारताने २०२४ अखेरपर्यंत संयुक्त राष्ट्रांना दिलेले मुख्य हिशेब १९९४, २०००, २०१०, २०१४, २०१६, २०१९ आणि २०२० या वर्षांचे आहेत. मधली वर्षं तू सरळ रेषेने जोडलीस. ठिपके ठेव, रेषा काढून टाक. आणि शेवटचा ठिपका २०२० चा, म्हणजे टाळेबंदीचा. त्यावरून उतार लागला असं म्हणता येत नाही.

नारळी पौर्णिमेनंतर दोन दिवस काढून ये. आपण रत्नागिरीला एस.टी.ने जाऊ. मिरकरवाड्यातला एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख, माझ्या ओळखीचा आहे. प्रत्येक फेरीला किती डिझेल लागलं ते तो बरीच वर्षं वहीत लिहून ठेवतो. लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धर, म्हणजे २०० लिटरच्या एका पिंपाचे ५४० किलो झाले. ती वही तुला दाखवायला तो तयार आहे. त्याची एक अट आहे, वही घराबाहेर जाणार नाही. तेव्हा त्याच्या ओटीवर बसूनच उतरवून घ्यावं लागेल.

तुझा,
काका