वाचक विचारतात : ‘पाहिजे आरोपी’ सापडतो कसा?

या वेळच्या पत्रांत फरारी आरोपींच्या शोधाबद्दलचे प्रश्न जास्त आहेत. उत्तरांतली कलमं 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली आहेत. ज्यांना सीआरपीसीचे, म्हणजे आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे, जुने आकडे पाठ आहेत, त्यांनी तेवढं ध्यानात ठेवावं.

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. फरारी गुन्हेगार पकडणारी डिटेक्टिव्ह व्हायचं आहे. त्यासाठी परीक्षा कोणती? (एक विद्यार्थिनी, बार्शी)

अशी वेगळी परीक्षा नाही. बारावीनंतर पोलीस शिपाई भरती किंवा पदवीनंतर एमपीएससीतून पोलीस उपनिरीक्षक, या दोन नेहमीच्या वाटा. पुढे पोलीस ठाण्याचं गुन्हे प्रकटीकरण पथक (सगळे त्याला ‘डीबी’च म्हणतात), जिल्ह्याची स्थानिक गुन्हे शाखा किंवा आयुक्तालयातलं गुन्हे शाखेचं युनिट इथे हे काम मिळतं. निवड वरिष्ठ करतात. हद्दीची माहिती, माणसं जोडण्याची हातोटी आणि स्वच्छ लिखाण यांवर ती होते. लिखाण म्हटल्यावर मुलं हसतात, पण पकडलेला माणूस सुटतो तो बहुधा कागदात.

खासगी गुप्तहेराला अटकेचा जादा अधिकार नाही. बक्षिसासाठी माणसं धरून आणणारे अमेरिकेतले बाउंटी हंटर आपल्याकडे नाहीत. कलम 40 प्रमाणे सामान्य नागरिक अटक करू शकतो ती फक्त दोन प्रसंगी : समोर दखलपात्र (पोलीस विनावॉरंट अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर, किंवा समोरचा माणूस न्यायालयाने घोषित केलेला फरारी असेल तर. मग सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करायचं.

प्रश्न : ‘गोपनीय बातमीदार आणि तांत्रिक विश्लेषणाच्या आधारे सापळा रचून’ हे वाक्य रोज पेपरात असतं. म्हणजे नेमकं काय करतात? (नाशिक)

सुरुवात होते जुन्या फाइलपासून. पहिल्यांदा तीन रुक्ष शक्यता तपासायच्या : तो दुसऱ्या गुन्ह्यात दुसऱ्याच जिल्ह्याच्या जेलमध्ये आहे का, तो मेला आहे का, आणि नोंदवलेला पत्ता मुळात खरा होता का. हे न पाहता पथकं शेकडो किलोमीटर हिंडून येतात आणि आरोपी कारागृहात आरामात जेवत असतो. तसं निघालं तर अटकेची धावपळ नकोच. न्यायालयातून कलम 302 चं प्रॉडक्शन वॉरंट, म्हणजे जेलमधल्या माणसाला कोर्टात हजर करण्याचा आदेश, घ्यायचं.

मग नाती. जुन्या अटक फॉर्मवर, दोषारोपपत्रात आणि जामिनाच्या कागदांत बायकोचं माहेर, मेहुणे, जामीनदार, सहआरोपी सापडतात. धंदाही पाहायचा. माणूस नाव बदलतो, दाढी वाढवतो, पण हाताचं काम सहसा सोडत नाही. जेसीबी चालवणारा जेसीबीवरच सापडतो आणि ढाब्यावरचा आचारी दुसऱ्या ढाब्यावर. बीडकडच्या ऊसतोड टोळीतला माणूस हंगामात पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कुठल्या तरी कारखान्याच्या फडावर असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी मोबाइल टॉवरपेक्षा टोळीचा मुकादम जास्त उपयोगी पडतो.

‘तांत्रिक विश्लेषण’ म्हणजे मुख्यतः सीडीआर, मोबाइलच्या कॉलची नोंद. तो पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत मागवतात. कंपन्यांना तो निदान दोन वर्षं ठेवावा लागतो, त्यामुळे उशीर महागात पडतो. आरोपीचा नंबर तर पळाल्याच दिवशी बंद झालेला असतो. म्हणून त्याच आठवड्यात आईच्या, बायकोच्या किंवा जवळच्या मित्राच्या नंबरवर येऊ लागलेला नवा नंबर शोधायचा. त्याचा रात्रीचा शेवटचा आणि सकाळचा पहिला टॉवर सलग काही दिवस एकच निघाला, तर तो मुक्काम.

सिम बदललं पण हँडसेट तोच असेल तर आयएमईआयवरून, म्हणजे हँडसेटच्या स्वतःच्या क्रमांकावरून, माग लागतो. इथे नवखे हमखास फसतात. आयएमईआय 15 आकडी असतो. शेवटचा आकडा पडताळणीचा असून सीडीआरमध्ये तिथे अनेकदा शून्य छापलेलं असतं. पूर्ण 15 आकडे जुळवत बसलं तर ‘जुळत नाही’ असं उत्तर येतं, म्हणून पहिले 14 जुळवायचे. दोन सिमच्या फोनला आयएमईआयही दोन असतात. व्हॉट्सॲप कॉल सीडीआरमध्ये दिसत नाही. त्यासाठी इंटरनेट वापराची नोंद वेगळी मागवावी लागते, आणि तीत पलीकडचा नंबर मिळत नाही.

टॉवर म्हणजे घर नव्हे. शहरात तो काही शे मीटरचा पट्टा दाखवतो, माळरानावर कित्येक किलोमीटरचा. नदीपलीकडचा किंवा डोंगरावरचा टॉवर फोन पकडतो आणि पथक भलत्याच गावात चहा पीत बसतं. शेवटचा टप्पा बातमीदाराचाच असतो : कुठली खोली, किती दारं, कुत्रं आहे का, उठतो किती वाजता.

जाण्याआधी ताजा फोटो नसेल तर जुन्या अटकेच्या नोंदीतले व्रण आणि गोंदण पाहून ठेवायचं. ओळख पटवायला त्याला आधी पाहिलेला पोलीस न्यावा, साक्षीदाराला नेऊ नये. ओळख परेड (साक्षीदाराने अनेकांतून आरोपी ओळखून दाखवणं) व्हायची असेल आणि साक्षीदाराने अटकेच्या वेळीच आरोपी पाहिला, तर परेडला अर्थ उरत नाही. त्याच कारणासाठी आणताना तोंड झाकतात. लोकांना तो दिखावा वाटतो. छापा पहाटेचा बरा, मागच्या दाराला माणूस आधी लावून. लग्नात किंवा जत्रेत आरोपी नक्की भेटतो हे खरं, पण तिथे गर्दी आडवी येते. शक्यतो तिथून त्याच्या मागे राहावं आणि परतीच्या वाटेवर धरावं.

बेत फुटतो तो बहुधा स्थानिक ओळखीतून. परक्या हद्दीतल्या ठाण्याला कळवायचं, स्टेशन डायरीला नोंदही करायची, पण आरोपीचं नाव-गाव चार जणांसमोर उच्चारायचं नाही.

प्रश्न : भावाला सुरतेत महाराष्ट्र पोलिसांनी पकडलं. 24 तासांत कोर्ट दाखवायला हवं ना? ‘ट्रान्झिट रिमांड’ काय असतो? (उधना, सुरत)

विनावॉरंट अटक करता येईल अशा आरोपीचा पाठलाग पोलीस भारतात कुठेही करू शकतात (कलम 45). 24 तासांची मर्यादा कलम 58 ची. त्यातून अटकेच्या जागेपासून न्यायदंडाधिकाऱ्याच्या कोर्टापर्यंतच्या प्रवासाचा वेळ वगळतात. लांबचा पल्ला असेल तर जवळच्या दंडाधिकाऱ्यासमोर उभं करून प्रवासापुरती कोठडी घेतात, तोच ट्रान्झिट रिमांड. वॉरंटवर जिल्ह्याबाहेर अटक झाली असेल तर कलम 82 : वॉरंट काढणारं कोर्ट 30 किलोमीटरच्या आत किंवा स्थानिक दंडाधिकारी, पोलीस अधीक्षक वा आयुक्तांपेक्षा जवळ नसेल, तर आधी त्यांच्यापैकी एकासमोर नेतात.

तुम्ही कागद मागा. अटक पंचनाम्यावर वेळ, घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित साक्षीदाराची सही आणि भावाची सही हवी. अटकेची कारणं त्याला कळेल अशा भाषेत लेखी द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाच्या अलीकडच्या निकालांनी पक्कं केलं आहे. वैद्यकीय तपासणीचा कागदही पाहा. ‘अटक नव्हे, फक्त ताब्यात घेतलं’ हा शब्दांचा खेळ कोर्टात टिकत नाही. मोकळं जाऊ दिलं नाही, तेव्हापासून घड्याळ चालू होतं. टोलची पावती, लॉजचा सीसीटीव्ही आणि स्टेशन डायरी यांतल्या वेळा जुळल्या नाहीत, की चांगली कारवाईही अंगाशी येते.

प्रश्न : चुलतभावाला जामीन राहिलो. तो दोन तारखांना गैरहजर आहे, फोन बंद. मी काय करू? (तासगाव)

थांबू नका. तुम्ही लिहून दिलेलं जामिनाचं बंधपत्र जप्त झालं तर कलम 491 खाली कारणे दाखवा नोटीस येते. लोक ती कपाटात टाकतात, ही सगळ्यांत मोठी चूक. रक्कम दंडासारखी वसूल होते, आणि वसूल झाली नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. नोटिशीला लेखी उत्तर द्या. कुठे शोधलं, पोलिसांना कोणती माहिती कधी दिली, ते लिहा आणि अर्जांवर पोच घेत चला. कोर्ट रक्कम कमी करू शकतं. कलम 489 खाली जामीनदारीतून मुक्त होण्याचा अर्जही करता येतो. त्यावर कोर्ट त्याच्या अटकेचं वॉरंट काढतं. मात्र मागच्या दोन तारखांची चूक त्याने पुसली जात नाही. स्वतः गाडी घेऊन त्याला बांधून आणायला जाऊ नका.

प्रश्न : फरारी नवऱ्याला बायकोने घरात ठेवलं तर तिच्यावरही गुन्हा होतो का? (वर्धा)

आश्रय देण्याच्या गुन्ह्याला, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 249 ला, पती-पत्नीचा अपवाद आहे. भाऊ, मेहुणा, मित्र यांना नाही. जाणूनबुजून, त्याला वाचवण्यासाठी दिलेलं जेवण, पैसे किंवा गाडीसुद्धा ‘आश्रया’त मोडते.

प्रश्न : माझ्याच नावाच्या माणसाच्या वॉरंटवर दोनदा पोलीस घरी आले. कायमचा उपाय? (चंद्रपूर)

वॉरंटवरचा केस नंबर, कोर्ट, वडिलांचं नाव, वय आणि गाव लिहून घ्या. ज्या कोर्टाने वॉरंट काढलं तिथे वकिलामार्फत अर्ज करा. खरा आरोपी पूर्वी अटक झाला असेल तर त्याचे बोटांचे ठसे पोलिसांकडे असतील. तुमच्याशी ताडून पाहण्याची मागणी करा. नुसत्या आधार कार्डापेक्षा हे भक्कम. वॉरंट कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत जिवंत राहतं, त्यामुळे ठाण्यात तोंडी समजावून काही होत नाही. आदेश मिळाला की प्रमाणित प्रत काढा, ती ठाण्यातल्या वॉरंट रजिस्टरला नोंदवून घ्या आणि एक झेरॉक्स घरात दाराजवळ ठेवा. रद्द झाल्याची खबर ठाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. मधल्या दिवसांत पुन्हा कोणी आलंच तर नावाची पाटी किंवा ओळखपत्र मागा, आणि शंका आली तर 112 ला फोन करून पथक खरं आहे का ते विचारा.