नवा डोंगल घेण्याआधी हे करून बघा

तुमच्या वर्णनावरून चित्र असं दिसतं: पुण्यात वाकडच्या टॉवरमधला फ्लॅट, मिव्हानच्या (साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या) भिंती, हॉलमध्ये टीव्हीमागे रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर (पुढे नुसतं 'पाय'), त्यालाच खोचलेला झिगबी डोंगल, म्हणजे घरातल्या सेन्सरांशी बिनतारी बोलणारी यूएसबी कांडी, आणि शेजारी वायफाय राउटर. ड्राय बाल्कनीतला पाणीगळतीचा सेन्सर आणि मागच्या बेडरूमचा दाराचा सेन्सर अधूनमधून गायब होतात, गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की हमखास. म्हणून जास्त पॉवरचा डोंगल घ्यायचा विचार आहे.

घेऊ नका. डोंगल कितीही मोठ्याने बोलला तरी बटण सेलवर चालणाऱ्या सेन्सरचा आवाज तेवढाच राहतो, आणि त्याचं उत्तर पोचलं नाही तर काय उपयोग?

आधी फुकटातलं. पाय ४ ला दोन निळे पोर्ट आहेत, ते यूएसबी ३ चे. तिथे एसएसडी (साठवणीची डिस्क) लावली असेल तर तिचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झमध्ये येतो, जिथे झिगबीही चालतं. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून दाखवलंय. डोंगल काळ्या पोर्टात लावा, तोही मीटरभर एक्स्टेंशन वायरवर, टीव्ही आणि राउटरपासून लांब. बऱ्याच घरांत एवढ्यावरच भागतं.

चॅनेलचं थोडक्यात. वायफाय आणि झिगबीचे चॅनेल नंबर एकमेकांशी जुळत नाहीत. वायफायचा ११ साधारण २४७३ मेगाहर्ट्झपर्यंत जातो आणि झिगबीचा २५ आहे २४७५ वर, म्हणजे जेमतेम पलीकडे. राउटर 'ऑटो'वर ठेवू नका. चॅनेल १, रुंदी २० मेगाहर्ट्झ, असं पक्कं करा. पण आपल्याकडे वायफायला १२ आणि १३ सुद्धा चालतात, शेजारचा कुणी १३ वर बसला असेल तर २५ घेऊन फायदा नाही. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर घेऊन घरभर फिरा, मग ठरवा. झिगबीचा चॅनेल बदलल्यावर काही उपकरणं पुन्हा पेअर करावी लागतात, तेव्हा निवांत वेळ असेल तेव्हाच हात घाला.

आता खरा मुद्दा, गुरुवारचा. बॅटरीवरचा सेन्सर दुसऱ्याचा निरोप पुढे देत नाही. ते काम सतत विजेवर असलेली उपकरणं करतात. तुमच्याकडे ती कोणती? गिझरचा आणि वॉशिंग मशीनचा स्मार्ट प्लग. दोन्ही १६ अँपियरच्या पॉइंटवर, आणि ती लाइन इन्व्हर्टरवर सहसा नसते. वीज गेली की पाय आणि राउटर चालू, मधले दुवे मात्र बंद. सेन्सर पोरके होतात. काही दुसरा दुवा शोधतात, काही जुने सेन्सर जुन्यालाच धरून बसतात आणि वीज आल्यावरही परतत नाहीत.

स्विचबोर्डातली मॉड्यूल्स हे काम करतील असं धरून चालू नका. न्यूट्रल नसलेल्या बोर्डात बसणारी मॉड्यूल्स बहुधा निरोप पुढे देत नाहीत. स्मार्ट बल्बही बेभरवशाचे, कारण कुणीतरी सवयीने भिंतीवरचं बटण बंद करतंच. बटणावर 'हात लावू नये. सूचना एकदाच दिली जाईल' अशी पाटी लावून पाहायला हरकत नाही, पण पुण्यात पाट्या वाचल्या जातात, पाळल्या जातातच असं नाही.

म्हणून इन्व्हर्टरच्या लाइनवरचे ६ अँपियरचे दोन सॉकेट शोधा: एक पॅसेजमध्ये, एक स्वयंपाकघराच्या दाराजवळ. मेन स्विच पाडून कुठलं सॉकेट चालू राहतं ते बघा, इलेक्ट्रिशियनच्या आठवणीवर जाऊ नका. तिथे झिगबीचे साधे स्मार्ट प्लग लावा. मिव्हानमध्ये प्रत्येक भिंत काँक्रीट आणि सळयांची असते, तेव्हा एका टप्प्यात एकच भिंत पार करायची असं धरा. दाराच्या सरळ रेषेत जागा मिळाली तर उत्तम. फ्रिज आणि लोखंडी कपाटाच्या मागची जागा टाळा.

प्लग आधी जोडा, मग दोन्ही सेन्सर त्यांच्या नेहमीच्या जागीच ठेवून पुन्हा पेअर करा. डोंगलजवळ आणून केलं तर ते थेट डोंगललाच चिकटण्याची शक्यता जास्त. कोणतं उपकरण कशाला जोडलंय ते दाखवणाऱ्या झिगबीच्या नकाशातले आकडे लगेच मनावर घेऊ नका, एक-दोन दिवस जाऊ द्या. येत्या गुरुवारी वीज गेल्यावर यातला एखादा गेलाच, तर तो त्या वेळी कोणत्या प्लगला जोडलेला होता ते नकाशात बघून कळवा.